ओटिस रेडिंगने नूर पालटलेलं गाणं

'ट्राय अ लिटल टेंडरनेस' हे ओटिस रेडिंगचंच गाणं, असं बरेच जण समजतात. मूळ गाणं १९३२ चं! रे नोबलच्या ब्रिटिश ऑर्केस्ट्राने वाजवलेलं, संथ, मवाळ. पुढे बिंग क्रॉस्बी, सिनात्रा, अरीथा फ्रँकलिन यांनीही ते गायलं. १९६६ साली मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत ओटिसने मात्र त्याचा नूरच पालटला. सुरुवातीला हळवे ब्रास; मग ड्रमर अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर टिकटिक सुरू करतो, लय चढत जाते आणि शेवटी ओटिसला शब्दच पुरत नाहीत. ती टिकटिक हेडफोन लावूनच ऐका! थ्री डॉग नाइट आणि 'द कमिटमेंट्स' सिनेमाने हेच रूप उचललं. २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्टने तर ओटिसचा आवाजच घेऊन 'ओटिस' हे गाणं केलं. माझ्या लेखी मात्र १९६६ च्या तोडीचं दुसरं नाही.