कापडासोबत ओळही विकते: कांगाचा बिझनेस धडा

आज जाऊया टांझानिया-केनियाच्या किनाऱ्यावर. तिथल्या स्वाहिली बायकांचं रोजचं छापील सुती कापड म्हणजे कांगा. साधारण दीड मीटर लांब आणि विकायला जोडीनं. एक कमरेला, दुसरं डोक्या-खांद्यावर. त्यातच बाळ पाठीला बांधतात, तेच लग्नात भेट देतात.

चारही बाजूंनी काठ, मध्ये नक्षी आणि खाली छापलेली एक ओळ: म्हण, आशीर्वाद, नाहीतर शेजारणीला टोमणा! ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, म्हणजे आपलं ‘थेंबे थेंबे तळे साचे’. तोंडावर बोलता येत नाही, ते कांगा बोलतो. म्हणून गिऱ्हाईक रंग बघतं तशी ओळही वाचतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोम्बासाचे व्यापारी कादरदिना हाजी इसाक, म्हणजेच ‘अब्दुल्ला’, यांनी ही ओळ छापायची पद्धत आणली असं सांगतात. आजही बरेच कांगा भारतात छापून तिकडे जातात.

आता माझी चूक ऐका. स्वस्त मिळाला म्हणून मी एकाच डिझाइनच्या चादरींचा गठ्ठा उचलला. निम्मा माल पडून राहिला, पैसे अडकले. मी भाव बघितला, चादर कोणासाठी आणि कशाला घेतात हे विचारलंच नाही.

कांगाचं कापड साधंच, पण लग्नाला वेगळी ओळ, आईला वेगळी. म्हणून घरात कांगा असला तरी बाई नवा घेते.

आज एवढंच करा: पाच गिऱ्हाइकांना विचारा, “कोणासाठी घेताय?” उत्तरं वहीत लिहा. पुढचा माल ती वही बघूनच भरा.