दोन द्राक्षांचा शेर

गझल लिहिणाऱ्याच्या वहीत मदिरा, पेला, साकी हे शब्द येतातच. माझ्याही येतात. मी मात्र थेंबभरही चाखलेली नाही. आमच्या धर्मात ती वर्ज्य. उर्दूतले रियाज खैराबादी तर मदिरेच्या शायरीसाठीच नावाजले गेले आणि त्यांनी ती कधी घेतली नाही, असं सांगतात. पण एका मुशायऱ्यानंतर कॉलेजातल्या मुलानं मला विचारलं, ‘‘चाचा, तिची चव कशी असते हो?’’ मी गप्प झालो. ज्या शब्दावर टाळ्या घेतल्या, त्याची मला काहीच ओळख नव्हती. म्हणून वाचायला घेतलं.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो हा वाइनचा मुलूख आहे. तिथली नामांकित तांबडी वाइन बहुधा एकाच द्राक्षाची नसते. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून तिथं जिरोंद होते. डाव्या तीरावरची जमीन गोटाड. गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों तिथं साधतं. ते जाड सालीचं, तुरट आणि टिकाऊ. उजव्या तीरावरच्या चिकणमातीत मेर्लो जास्त. ते लवकर पिकतं, चवीला मऊ आणि भरदार. एकाचा ताठपणा दुसरं सैल करतं, दुसऱ्याचा ढिलेपणा पहिलं सावरतं. वर सुगंधाला थोडं काबर्ने फ्रांक आणि रंगाला किंचित पेती व्हेर्दो.

यामागं नुसती चव नाही, शेतीचा हिशेबही आहे. वसंतात गारठा पडला तर लवकर फुटणारं मेर्लो मार खातं. काढणीच्या वेळी पाऊस लागला तर काबर्ने अडचणीत येतं. एक बुडालं तर दुसरं तारतं. हे वाचलं आणि आपला परभणीचा शेतकरी आठवला. कपाशीत, सोयाबीनमध्ये तुरीची ओळ तो याच हिशेबानं पेरतो.

आता जेवणाचं. तांबड्या वाइनचा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. ते द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. असाच तुरटपणा चहातही असतो. कडक कोरा चहा प्यायलात की जीभ आखडते; त्यात दूध घातलं की दुधातली प्रथिनं तुरटपणा बांधून घेतात आणि चहा मवाळ होतो. मटणाबरोबर ही वाइन जुळते, त्याचं कारण बरंचसं हेच: मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा झेलतात. म्हणून बोर्दोकडे भाजलेलं कोकराचं मांस किंवा मुरलेलं चीज तिच्यासोबत ठेवतात. मासळीबरोबर मात्र ती अनेकदा धातूसारखी लागते. आपला झणझणीत रस्सा किंवा ठेचा तर नकोच; मिरचीनं मद्याचा जाळ वाढतो. आमच्या घरातलं काही जुळेल, तर कमी तिखटाचा यखनी पुलाव.

अशी मिश्रणं आपल्याकडेही होतात. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ ही वाइन इटलीचं सांजोवेझे आणि फ्रान्सचं काबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिलाफातून बनते.

तो मुलगा पुन्हा भेटला, तर त्याला आधी कोरा चहा पाजीन आणि मग दूध घालून. चव मला आजही सांगता येणार नाही, जुळणी सांगता येईल. शेरातही दोन ओळी असतात आणि एकटी ओळ अपुरीच असते. मदिरा हा शब्द मी पुढेही लिहीन. पण आता तो लिहिताना कपाशीतली तूर डोळ्यांपुढे येते.