मेटल डिटेक्टर घेताना खोलीआधी माती बघा

भिवंडीजवळ वडप्याला नाशिक महामार्गालगतच्या गोदामांच्या गेटवर सिक्युरिटीवाला अंगावरून जी काळी पट्टी फिरवतो, तीच आणून शेतात फिरवावी असं बऱ्याच जणांना वाटतं. ती पट्टी खिशातल्या वस्तू पकडण्यासाठी असते, तिची पोच काही सेंटिमीटरांची. जमिनीसाठी लांब दांड्याचं, खाली गोल कॉइल असलेलं यंत्र लागतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज खोलीचा. जाहिरातीत ‘दोन मीटर’ लिहिलेलं असतं ते पिंपाएवढ्या मोठ्या धातूसाठी. सुटं नाणं हौशी यंत्राला साधारण 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंतच लागतं, आणि तेही माती साथ देत असेल तर. आपल्याकडे ती देत नाही. भिवंडीची जमीन बेसाल्टची आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट भरपूर. कोरड्या ओढ्याच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण झुपक्याने चिकटतात. हेच कण यंत्राला फसवतात: धातू नसताना आवाज येतो, धातू असताना तो दबून जातो. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते ग्राउंड बॅलन्सवर खर्च करा, म्हणजे मातीचा आवाज वजा करण्याच्या सोयीवर. गॅरेटच्या एस 300 मध्ये ही जुळणी कारखान्यातच ठरवलेली असते, आपल्याला बदलता येत नाही. नोक्ताच्या सिम्प्लेक्स प्लसमध्ये ती जागेवर करता येते, तर माइनलॅबचं व्हॅनक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. आपल्या मातीसाठी मी पहिल्यापेक्षा नंतरच्या दोघांकडे वळेन.

दुसरा समज असा की ‘लोखंड नको’ हे बटण दाबलं की फक्त मौल्यवान वस्तूच वाजतील. गोदामांसाठी मुरूम टाकून भरणी केलेल्या जमिनीत पॅलेटचे खिळे नि पट्ट्यांचे तुकडे एवढे असतात की बटण दाबायचा मोह होणारच. पण 1992 पासूनचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे, त्यालाही यंत्र लोखंड समजू शकतं. औषधाच्या पाकिटाची ॲल्युमिनियम पन्नी आणि सोन्याची बारीक अंगठी यांचे यंत्रावर दिसणारे आकडेही जवळजवळ येतात. पन्नी गाळाल तर अंगठीही जाईल. घेण्याआधी खिळा, नवा रुपया, जुने ॲल्युमिनियमचे पाच पैसे आणि अंगठी आपल्याच अंगणात बोटभर खोल पुरून यंत्र चालवून बघा. विकणारा याला तयार नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

‘शंभर मीटरवरून सोनं दाखवणारी’ अँटेनाची काडी ही तर सरळ फसवणूक. इराकला स्फोटकं शोधायला विकलेल्या अशाच एडीई 651 नावाच्या काडीमध्ये चालणारं काहीच नव्हतं. ती विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनमध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. अशी काडी घेऊन गुप्तधनाचं आमिष दाखवणारा आणि पुढे पूजा मांडणारा भेटला तर पोलिसांना कळवा. धनाच्या शोधासाठी केलेली अमानुष, अघोरी कृत्यं महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत.

राहिला कायदा. ‘सापडलं ते आपलं’ हे चूक, तसंच ‘सगळं सरकार नेतं’ हेही चूक. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडवलेली, 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ती बेवारस ठरली आणि वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. लपवलं तर हिस्सा जातो, वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. लोणाडची लेणी, जुनं शिवमंदिर अशा ठिकाणी यंत्र नेऊच नका. संरक्षित जागी परवान्याशिवाय खोदकाम करायला प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्याने बंदी आहे. बाकी कुठेही आधी जमीनमालकाची परवानगी घ्या, शक्यतो लेखी, आणि भातखाचरात पीक निघाल्यावरच उतरा.