जुन्या वास्तू, नवे संसार – लेखांक ७ : मळणीघरातील वारा

ओढ्याकाठच्या पाणचक्क्यांचे गेल्या खेपेस आपण जे दर्शन घेतले, त्यात दळणाला येणारे धान्य कोठून येते हा प्रश्न बाजूस राहिला होता. आज त्या धान्याच्या मागाने थोडे उलट चालत जाऊन, इंग्लंडच्या ग्रामीण भागात ज्याला ‘बार्न’ म्हणतात आणि ज्याची गेल्या अर्धशतकात हजारोंनी राहती घरे झाली, त्या वास्तूच्या दाराशी उभे राहावयाचे आहे. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, आणि तो नसण्याचे कारण आपल्या ऋतुचक्रात आहे. आपल्याकडे रब्बीची सुगी येते तेव्हा पावसाळा सरून काही महिने लोटलेले असतात. शेताच्या कडेला जमीन चोपून, शेणाने सारवून, मध्ये तिवडा रोवला की खळे तयार होते, त्याला आकाशाखेरीज दुसरे छप्पर लागत नाही, आणि मळलेले धान्य सुपात घेऊन वावडीवर उभे राहिले की राहिलेले काम वारा करतो. इंग्लंडात पाऊस महिना पाहून येत नाही. तेथे कापलेल्या पिकाच्या पेंढ्या छपराखाली रचून ठेवाव्या लागत आणि मळणीही हिवाळाभर छपराखालीच चाले. बार्न म्हणजे छप्पर घातलेले खळे. म्हणून या लेखात मी त्याला मळणीघर म्हणतो.

त्याची रचना एकदा ध्यानात आली की पुढचा सारा विषय तिच्यातूनच उलगडतो. लांबट आयताकृती इमारत, खांबांच्या जोड्यांनी पडलेले खण, आणि मधल्या खणात समोरासमोर दोन दारे: एक इतके उंच की पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी घोड्यांसकट आत यावी, दुसरे बहुधा ठेंगणे, कारण रिकामी गाडी बाहेर पडावयास तेवढे पुरे. दोन दारांमधली जमीन ओकच्या जाड फळ्यांची, कोठे दगडी फरशीची, कोठे नुसत्या चोपलेल्या मातीची. तीवर पेंढ्या पसरून, चामड्याच्या वादीने एकमेकांस जोडलेल्या दोन दांडक्यांच्या अवजाराने मजूर त्या झोडपीत, आणि मग दोन्ही दारे सताड उघडून आरपार वाहणाऱ्या झोतात धान्य उधळीत, म्हणजे जड दाणा जागच्या जागी पडे आणि भूस वाऱ्याबरोबर जाई. एका बाजूच्या खणांत न मळलेल्या पेंढ्या आणि दुसऱ्या बाजूच्या खणांत मळून निघालेले काड अशी सामान्यतः वाटणी असे. त्यांना बुरशी लागू नये म्हणून भिंतींत हाताच्या रुंदीच्या उभ्या फटी ठेवीत. या वास्तूचा नकाशा वाऱ्याने काढलेला आहे असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

ती किती प्राचीन असू शकते हे पाहावयाचे असेल तर एसेक्स परगण्यातील क्रेसिंग टेम्पल येथे जावे. 1137 साली राणी मटिल्डाने ही जमीन टेम्पलर पंथाच्या धर्मयोद्ध्यांस इनाम दिली, आणि त्यांनी तेथे बांधलेली दोन प्रचंड मळणीघरे, एक जवाचे व एक गव्हाचे, अद्याप उभी आहेत. लाकडातील वार्षिक वलये मोजून पहिल्याचा काळ 1205 ते 1235 आणि दुसऱ्याचा 1257 ते 1280 असा ठरविण्यात आला आहे; म्हणजे ज्ञानेश्वरी अवतरण्यापूर्वीच ही दोन्ही उभी होती. ऑक्सफर्डशरमधील ग्रेट कॉक्सवेल येथील दगडी मळणीघरावर विल्यम मॉरिसचा जीव जडला होता, आणि 1877 साली जुन्या वास्तूंच्या रक्षणार्थ ज्याने संस्था स्थापन केली त्या माणसाला राजवाड्यांइतकेच हे शेतीचे कोठारही वंदनीय वाटावे, यात त्याच्या दृष्टीची थोरवी दिसते.

ही घरे ओस कशी पडली ते थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमधील अँड्र्यू मीकल याने 1786 साली मळणीयंत्र तयार केले. ते पसरत गेले तशी मजुरांची हिवाळ्यातली रोजी गेली, आणि 1830 साली दक्षिण इंग्लंडच्या गावागावांत उपाशी मजुरांनी यंत्रे फोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतातच कापणी-मळणी एकदम करणारे यंत्र सर्वत्र आले, ट्रॅक्टर-अवजारे जुन्या दारांतून आत जाईनाशी झाली, आणि शतकानुशतके उपयोगात असलेली वास्तू एका पिढीत निरुपयोगी ठरली.

तिचे घर करण्याची कल्पना मुळात चांगलीच आहे. ज्या इमारतीला धनी नाही तिचे कौल पहिल्या वादळात सरकते, दुसऱ्यात पाणी आत येते, आणि मग तुळईचे टोक भिंतीत कुजू लागते. माणूस राहावयास आला की निदान कौल तरी जागेवर राहते. परंतु प्रारंभीच्या काळात, विशेषतः 1980 च्या आगेमागे, जी रूपांतरे झाली ती पाहून मन विषण्ण होते. छपरात ओळीने पाडलेल्या खिडक्या, विटांचे नवे धुराडे, दर्शनी भागी फुलांच्या कुंड्यांची देवडी, हे बाहेरचे झाले. आत मळणीच्या उंच खणात मधोमध मजला घालून खाली दिवाणखाना व वर शयनगृहे काढलेली, आणि वरच्या मजल्यावर, जेथे जुनी तुळई बरोबर कमरेच्या उंचीवर आडवी येते तेथे, माणसे रोज वाकून जातात. वाकण्याचा कंटाळा येऊन काहींनी ती तुळई मध्येच कापून टाकली. तुळई ही समोरासमोरच्या भिंतींना एकमेकींशी धरून ठेवणारा हात आहे; तो तुटला की वाशांचा भार भिंतींना बाहेर ढकलू लागतो, आणि काही वर्षांनी बाहेरून भिंतीला पोट सुटलेले दिसते.

कायद्याने या कामास उत्तेजन दिले ते अलीकडे. एप्रिल 2014 पासून इंग्लंडात शेतीच्या इमारतीस राहत्या घरात बदलण्यासाठी नियोजनाची पूर्ण परवानगी मागण्याऐवजी आटोपशीर पूर्वमंजुरी पुरेशी ठरली. आरंभी एका शेतमालमत्तेवर अशी तीन घरे होऊ शकत, 2018 साली ती मर्यादा पाचावर गेली, आणि मे 2024 मध्ये दहा घरे, एकूण 1000 चौरस मीटर व दर घरास जास्तीत जास्त 150 चौरस मीटर अशी तरतूद झाली. संरक्षित यादीतील वास्तू व राष्ट्रीय उद्यानांसारखे प्रदेश यातून वगळलेले आहेत. तीन बाजूंनी उघडी असलेली एक लोखंडी सांगाड्याची शेड घर म्हणून मंजूर करून घेण्याचा तंटा उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा 2016 साली असा निर्णय लागला की जेथे सांगाड्याखेरीज जवळजवळ सर्वच नवे बांधावे लागते तेथे ते रूपांतर नसून पुनर्निर्माण होय, आणि त्याला ही सवलत लागू नाही. निर्णय उचित आहे. पण या साऱ्या हुकूमनाम्यांत घरांची संख्या आहे, चौरस मीटर आहेत. छपराच्या आढ्यापर्यंत गेलेल्या त्या पोकळीचे मोजमाप कोठेच नाही, आणि माझ्या मते जपावयाचे ते मुख्यतः तेच आहे. ओकचा खांब कुजला तर त्याचे कुजलेले टोक काढून नवा तुकडा सांधता येतो, कौले बदलता येतात. पण मळणीचा खण एकदा मजल्याने भरला की त्या वास्तूचा अर्थच नाहीसा होतो.

ही पोकळी राखूनही संसार कसा मांडता येतो ते मी सफोक परगण्यात एका घरी दोन दिवस राहून पाहिले. तेथे मळणीचा खण संपूर्ण रिकामा सोडला आहे. उंच दाराच्या जागी काच आहे, पण ती भिंतीच्या रेषेत न बसवता हातभर आत घेतल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला अद्याप दाराचा काळोखा चौकोनच दिसतो. मूळची लाकडी दारे बिजागऱ्यांवर तशीच ठेवली असून रात्री ती लावून घेतात. शयनगृहे आणि न्हाणीघरे, ज्यांना लहान खोल्याच हव्या असतात, ती अंगणाभोवतीच्या बुटक्या गोठ्यांत नेली आहेत. थंडी अडविणारे अस्तर वाशांच्या आत न घालता वरून, कौलांच्या खाली घातले आहे, त्यामुळे छप्पर बोटभर उंच झाले आणि वासे उघडे राहिले. धूर जातो तो एका बारीक काळ्या लोखंडी नळीने.

सकाळी उजेड तिरपा आला तेव्हा घरधन्याने मला एका खांबावर बोट ठेवावयास सांगितले. कुसू जेथे खोबणीत शिरते तेथे, दोन्ही लाकडांवर, पटाशीने कोरलेल्या चार उभ्या रेघा होत्या. पलीकडच्या खांबावर पाच. सुताराने ओला ओक घेऊन सारा सांगाडा आधी जमिनीवर जुळविला, प्रत्येक सांध्याला अंक दिला, मग तो सोडवून खणाखणाने उभा केला, आणि भोके मुद्दाम किंचित हुकवून पाडल्यामुळे आत ठोकलेली लाकडी मेख सांधा घट्ट ओढून घेई. लाकूड पुढे वर्षानुवर्षे वाळत गेले, पिळले, आणि सांधे अधिकच आवळले. त्या चार रेघांच्या कडा अजून हाताला लागतात.

गोठ्यांची गोष्ट निराळी आहे, आणि येथे आपल्याकडच्या वाचकाने विशेष लक्ष द्यावे. पिढ्यान्‌पिढ्या जेथे जनावरे बांधली, तेथे मूत्र जमिनीत व भिंतीच्या पायात मुरते आणि त्यातून सोऱ्यासारखे क्षार तयार होतात. ते हवेतील ओल ओढून घेतात, म्हणून बाहेरून थेंबभर पाणी न येताही भिंत दमट राहते. आपण याला लोणा लागणे म्हणतो. आमच्या गावाकडील घरी गोठ्याची खोली केली तेव्हा गवंड्याने लोणा झाकावा म्हणून सिमेंटचा जाड गिलावा चढविला; दोन पावसाळ्यांत तो पापुद्र्याने सुटून पडला आणि ओल पुरुषभर उंचीवर, पूर्वी कोरड्या असलेल्या भागात, जाऊन पोहोचली. सिमेंटातून बाष्प सहज बाहेर पडत नाही, तेव्हा ते वर वाट शोधते. सफोकच्या घरी सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा दिला आहे, आणि तो दर काही वर्षांनी क्षारांनी खराब झाला की काढून पुन्हा द्यावयाचा, हे खर्चात प्रथमपासूनच धरले आहे. तेथील गव्हाणींपैकी एक ठेवली आहे. तिच्या काठाचे लाकूड गाईंच्या मानांनी घासून अर्धवर्तुळाकार झिजले आहे.

गव्हाण म्हटली की आठवण होते ती या वास्तूच्या एका जुन्या कुळाची. इंग्रज ज्याला मळणीघराचे घुबड म्हणतात त्याच पक्ष्याला आपण गव्हाणी घुबड म्हणतो. दोन्ही भाषांनी त्याला शेतकऱ्याच्या वास्तूशी जोडूनच नाव दिले, कारण धान्य तेथे उंदीर आणि उंदीर तेथे हा. शेतकरी त्याच्यासाठी तिकोनी भिंतीच्या माथ्याशी मुद्दाम झरोका ठेवीत. 1981 च्या वन्यजीव कायद्याने या घुबडाच्या घरट्याला व वटवाघळांच्या निवाऱ्याला संरक्षण दिले आहे, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी जाणत्याकडून पाहणी करून घ्यावी लागते, आणि वटवाघळांची पाहणी मुख्यतः उन्हाळ्यात होत असल्याने हिवाळ्यात घर घेणाऱ्यास बहुधा पुढल्या ऋतूपर्यंत थांबावे लागते. पुष्कळांना ही अडचण वाटते. मला ती रास्त वाटते. जुन्या कुळाला नोटिशीशिवाय काढता येत नाही, हा न्याय आपल्याला परका नाही. सफोकच्या घरी झरोक्यामागे लाकडी पेटी बसवून ती आतल्या बाजूने फळ्यांनी बंद केली आहे, आणि झरोका पूर्वीसारखाच उघडा आहे.

पुढील लेखांकात केंट परगण्यातील, बिअरमध्ये घालावयाची हॉपची फुले वाळविण्याच्या गोल भट्ट्या पाहू. त्यांच्या शेंड्यावर वाऱ्याकडे पाठ करून आपोआप वळणारी पांढरी लाकडी टोपी असते, आणि भट्टीच्या गोल भिंतीला लागून सरळ पाठीचे कपाट कसे ठेवावे हा तेथील गृहिणींपुढचा प्रश्न आहे.