फोटो कोणाचा, नाव कोणाचे?

खरवईत राहणारा, लग्नाचे फोटो काढून पोट भरणारा एक तरुण 2025 च्या जूनमध्ये आमच्याकडे आला. हातात घडी घातलेले वर्तमानपत्राचे जुने पान. "जयभीम वकीलसाहेब, हा फोटो माझा आहे," एवढेच म्हणाला आणि बसून राहिला.

फोटो 27 जुलै 2019 चा. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. सुमारे 1,000 प्रवाशांना होड्या लावून बाहेर काढावे लागले. हा मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फोटो काढत होता. संध्याकाळी एका बातमीदाराने "दे, छापून आणतो" म्हणून ते मागून घेतले. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, पण खाली नाव भलत्याचेच! पैसे तर सोडाच.

मग हा सहा वर्षे गप्प का बसला? आम्ही विचारले, तर म्हणाला, "टीव्हीवर त्या व्हिएतनामच्या फोटोचे भांडण पाहिले, तेव्हा वाटले आपणही विचारावे."

ते भांडण वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. 8 जून 1972 रोजी दक्षिण व्हिएतनामच्या त्रांग बांग गावाजवळ विमानातून नापाम बॉम्ब पडले. नऊ वर्षांची किम फुक ही मुलगी भाजलेल्या अंगाने, उघडीच रस्त्यावरून धावत आली. तो फोटो साऱ्या जगाने पाहिला. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेचा 21 वर्षांचा फोटोग्राफर निक उट याच्या नावाने तो प्रसिद्ध झाला आणि 1973 साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 50 वर्षे कोणाला शंका आली नाही. जानेवारी 2025 मध्ये 'द स्ट्रिंगर' हा माहितीपट आला. एपीच्या सायगाव कार्यालयात तेव्हा फोटो निवडणारे कार्ल रॉबिन्सन त्यात सांगतात की, आपले वरिष्ठ होर्स्ट फास यांच्या हुकुमावरून आपण फोटोखाली उट यांचे नाव घातले. फोटो दुसऱ्याच माणसाचा होता. तो माणूस म्हणजे न्गुएन थान न्गे. दुसऱ्या वृत्तसंस्थेच्या गाडीवरचा ड्रायव्हर, हौसेने फोटो काढून विकणारा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मोबदला मिळाला 20 डॉलर आणि फोटोची एक प्रत!

फास 2012 सालीच वारले. त्यांना आता कोण विचारणार? उट यांना हे सर्व अमान्य आहे आणि आम्हीही त्यांना चोर म्हणत नाही. दोन संस्थांनी तपास केला. एपी म्हणाली, नाव बदलावे असा निर्णायक पुरावा नाही, म्हणून उट यांचे नाव कायम. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने मे 2025 मध्ये उलट सांगितले की, शंका एवढी मोठी आहे की तूर्त कोणाचेच नाव लावणे योग्य नाही. हा फोटो बहुधा पेंटॅक्स कॅमेऱ्यावरचा आहे, असे एपीच्याच तपासात निघाले. उट मात्र वर्षानुवर्षे लायका आणि निकॉनचे नाव घेत आले होते.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर गंमत इथे आहे. पुरावा तोच, निकाल दोन. कारण पुराव्याचा बोजा कोणावर, हेच दोघांनी वेगवेगळे धरले. एपीने तो आव्हान देणाऱ्यावर टाकला. आता सांगा, फिल्म विकून 20 डॉलर घेऊन गेलेल्या ड्रायव्हरने कागद कोठून आणायचा? निगेटिव्ह संस्थेच्या कपाटात, नोंदवही संस्थेची, नाव लिहिणारा हात संस्थेचा. जुन्या साक्षी कायद्याचे कलम 106 सांगत होते की, जी गोष्ट खास ज्याच्या माहितीतली, ती शाबीत करण्याचा बोजा त्याच्यावर. नव्या कायद्यातही ते तत्त्व आहे. आमच्या मते वर्ल्ड प्रेस फोटोचा मार्ग अधिक न्यायाचा.

हे परदेशातच घडते असे नाही. होमाई व्यारावाला यांना आज देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणतात, 2011 साली त्यांना पद्मविभूषणही मिळाले. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाईंचे मुंबईतले सुरुवातीचे फोटो मात्र पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाई कॅमेरा घेऊन हिंडते, हे कोणाला खरेच वाटत नसे. नवरा फोटोग्राफरच होता, घरात भांडण नव्हते, म्हणून कोर्टकचेरी झाली नाही. पण छापील पानावर नाव कोणाचे राहिले?

नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची 'नाक' लावलेली नावे कोरलेली आहेत. कंपनी सरकारने ती आपल्या प्रेमापोटी कोरली नाहीत. पण कोरली होती, म्हणूनच 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तेथे जाऊन पुराव्यानिशी बोलू शकले.

आता कायदा. कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा माणूस. पैसे देऊन फोटो काढून घेतला, तर मालकी सहसा पैसे देणाऱ्याची होते. लग्नाच्या अल्बमचे तेच. पण कलम 57 वाचा. मालकी विकली तरी "हे काम माझे" म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. दावा लावायला मुंबईला खेपा घालण्याचीही गरज नाही. कलम 62 प्रमाणे आपण राहतो तेथील जिल्हा न्यायालयात तो लावता येतो.

नुकसानभरपाईची मुदत मात्र 3 वर्षांची. 2019 च्या छपाईची मुदत केव्हाच गेली, हे त्या मुलाला सांगताना आम्हालाच वाईट वाटले. तेव्हा त्याने दुसरे पान काढले. तोच फोटो 2024 च्या पावसाळ्यात 'आठवणीतला पूर' म्हणून पुन्हा छापलेला, खाली पुन्हा तेच परके नाव! नवी छपाई म्हणजे दाव्याला नवे कारण.

राहिला पुरावा. मूळ मेमरी कार्ड त्याने लग्नाच्या कामासाठी कधीच पुसून टाकलेले. दोन रविवार आम्ही त्याच्या घरात बसून जुने फोन चालू करून पाहिले. शेवटी बहिणीच्या फुटक्या स्क्रीनच्या मोबाइलमध्ये त्या दिवशी पाठवलेले 11 फोटो सापडले. गाडी तीच, होडी तीच, छापलेल्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे क्षण. ते ज्याच्या नावाने छापले गेले, त्याच्याकडे हे 11 असतील काय? तो मोबाइल आता बंद पाकिटात ठेवला आहे, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र तयार आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. पोचपावती आली, उत्तर अजून नाही.