नौकेच्या इंजिनाचा पट्टा : निवड, बदल आणि निगा

मिरकरवाड्यापासून हर्णै, श्रीवर्धन, मुरूडपर्यंत कोकण किनाऱ्यावर आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा चरितार्थ यांत्रिक नौकेवर चालतो. नौका, जाळी, इंजिन यांत मोठी रक्कम गुंतलेली असते आणि प्रत्येक फेरीला डिझेल, बर्फ, शिधा व खलाशांचा खर्च आगाऊ करावा लागतो. ही सारी गुंतवणूक समुद्रात ज्या वस्तूंवर अवलंबून असते त्यांतील एक वस्तू अवघ्या काही शे रुपयांची आहे. ती म्हणजे इंजिनाच्या पुढच्या बाजूला फिरणारा रबरी पट्टा. बंदरावर त्याला 'फॅन बेल्ट'च म्हणतात. मोटारीच्या इंजिनावरून आलेले हे नाव टिकून राहिले आहे, जरी पाण्याने थंड होणाऱ्या नौकेच्या इंजिनाला पंखा नसतो.

हा पट्टा तुटला की "माल खराब निघाला" असे म्हणून आपण दुसरा घालतो. तोही लवकर गेला की दुकानदाराशी वाद होतो. वस्तुतः पट्टा अकाली तुटण्याचे कारण पुष्कळदा पट्ट्यात नसून पुलीत, ताणात किंवा चुकीच्या मापात असते. ते कारण शोधल्याशिवाय कितीही महाग पट्टा घेतला तरी पैसे वाया जातात.

पट्ट्यावर काय काय चालते?

नौकेनुसार रचना वेगळी असली तरी साधारणपणे क्रँकच्या पुलीवरून निघालेला पट्टा अल्टरनेटर फिरवतो आणि अनेक इंजिनांत गोड्या पाण्याचा किंवा खाऱ्या पाण्याचा पंपही फिरवतो. काही नौकांत तळाचे पाणी उपसणारा पंप आणि जाळे ओढण्याची विंचही पट्ट्यावर असते.

थंड करण्याच्या पाण्याचा पंप थांबला की भर वेगात चालणारे इंजिन काही मिनिटांत तापते. गॅस्केट जळणे, हेड वाकणे किंवा तडकणे, पिस्टन जाम होणे हा त्याचा पुढचा प्रवास. खाऱ्या पाण्याच्या पंपात रबरी इंपेलर असेल तर तो कोरडा फिरू देऊ नये. पाण्याविना तो थोड्याच वेळात जळतो. अल्टरनेटर थांबला तर बॅटरी उतरते आणि त्याबरोबर दिवे, वायरलेस व जीपीएस बंद पडतात. उपसा पंप बंद असताना नौकेत पाणी येत असेल तर प्रश्न पैशांचा राहत नाही, खलाशांच्या जिवाचा होतो.

पट्ट्याची पकड कशी असते?

व्ही पट्ट्याचा छेद वर रुंद आणि खाली अरुंद असतो. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि खाचेच्या दोन्ही तिरप्या बाजूंना घट्ट धरतो. शक्ती पोहोचते ती या बाजूंमधून. पट्ट्याचा तळ खाचेच्या तळाला टेकता कामा नये. तो टेकला की पाचर राहत नाही, पट्टा घसरतो, कितीही ताणला तरी घसरतच राहतो आणि तापून कडक होतो.

योग्य मापाचा पट्टा खाचेत बसल्यावर त्याची वरची बाजू पुलीच्या कडेशी जवळजवळ समपातळीत येते. फार खाली गेला असेल तर पट्टा अरुंद आहे किंवा खाच झिजली आहे. फार वर राहिला असेल तर पट्टा रुंद आहे. जुना पट्टा काढल्यावर खाचेचा तळ आरशासारखा चकाकताना दिसला, तर पट्टा तळाला टेकत होता असे समजावे. अशी झिजलेली पुली बदलणे हाच उपाय. तिच्यावर नवा पट्टा म्हणजे नव्या पैशांनी जुनेच दुखणे विकत घेणे होय.

माप कसे वाचावे?

उद्योगांत चालणाऱ्या साध्या पट्ट्यांत ए, बी आणि सी ही मापे नेहमीची आहेत. 'ए' पट्टा वर १३ मि.मी. रुंद व ८ मि.मी. जाड, 'बी' १७ मि.मी. रुंद व ११ मि.मी. जाड, तर 'सी' २२ मि.मी. रुंद व १४ मि.मी. जाड असतो. अक्षरापुढचा आकडा बहुधा आतली लांबी इंचांत सांगतो. 'बी ५२' म्हणजे बी छेदाचा, आतून ५२ इंच लांबीचा पट्टा.

मोटार-इंजिनांच्या पट्ट्यांवर निराळी खूण असते. 'एव्ही १३ × १०००' याचा अर्थ १३ मि.मी. रुंद आणि बाहेरून १००० मि.मी. लांब. येथे गफलत होते, कारण एकात आतली लांबी आहे आणि दुसऱ्यात बाहेरची. ए छेदात या दोहोंत सुमारे ५ सेंटीमीटरचा आणि बी छेदात सुमारे ७ सेंटीमीटरचा फरक पडतो. दुकानात केवळ आकडा सांगितला आणि आतली की बाहेरची हे सांगितले नाही, तर पट्टा घरी आणल्यावर बसत नाही.

एसपीए, एसपीबी अशा खुणांचे पट्टे त्याच सुमाराच्या रुंदीचे पण अधिक जाड असतात आणि त्यांना खोल खाच लागते. नव्या इंजिनांवर आतून उभ्या रेघा असलेला चपटा पट्टा येतो. त्यावर '६ पीके १२००' असे लिहिले असेल तर सहा रेघा व १२०० मि.मी. लांबी असे वाचावे. यांपैकी एक प्रकार दुसऱ्याच्या पुलीवर 'चालून जाईल' म्हणून घालू नये.

जुन्या पट्ट्यावरचा आकडा पुसला गेला असेल तर ताणलेल्या पट्ट्याचे माप न घेता इंजिनावरच माप घ्यावे. अल्टरनेटर आतल्या बाजूला सरकवावा, खाचांच्या वरच्या कडेपाशी दोरी फिरवावी आणि तिची लांबी मोजावी. ही बाहेरच्या लांबीच्या जवळ येते. अल्टरनेटर पूर्ण आत असताना पट्टा हाताने चढला पाहिजे आणि ताण दिल्यावरही सरकवण्यास जागा उरली पाहिजे.

साधा की दातेरी?

कापडाने मढवलेला साधा पट्टा धूळ व खडबडीतपणा बऱ्यापैकी सोसतो. उघड्या बाजूंचा, आतून दाते असलेला पट्टा लहान पुलीभोवती सहज वाकतो आणि कमी तापतो. अल्टरनेटरची पुली लहान असते, म्हणून तेथे दातेरी पट्टा बहुधा अधिक टिकतो. मात्र इंजिनाच्या पुस्तकात जे सांगितले असेल ते प्रथम मानावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नौकेवर दिवे व उपकरणे वाढली की मालक मोठा अल्टरनेटर बसवतात, पण पट्टा जुनाच राहतो. २४ व्होल्टचा, ६० ॲम्पिअर देणारा अल्टरनेटर पूर्ण भारावर असताना, त्यातील घट धरता, पट्ट्यावर सुमारे ४ अश्वशक्तीचा भार टाकतो. त्याच पट्ट्यावर पंपही असेल तर अर्ध्या इंचाचा एकच पट्टा तग धरत नाही. अशा वेळी दोन खाचांची पुली व दोन पट्टे करून घ्यावेत. दोन किंवा अधिक पट्टे जोडीने चालत असतील तर एक तुटला तरी सगळे एकदम, एकाच कंपनीचे व एकाच मापाचे बदलावेत. जुना ताणलेला असतो, त्यामुळे सारा भार नव्यावर येऊन तो लवकर जातो.

खराबीची लक्षणे

पट्टा तुटण्यापूर्वी इशारा देतो. इंजिन सुरू करताना किंवा बॅटरी उतरलेली असताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर पट्टा घसरत आहे. बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर तो बराच काळ घसरत आला आहे. आतल्या बाजूस आडव्या चिरा म्हणजे उष्णता किंवा वय. एकच बाजू झिजली असेल, पुलीखाली काळी भुकटी साचत असेल किंवा पट्टा उलटत असेल तर पुली एका रेषेत नाहीत. पट्टा फुगून मऊ झाला असेल तर त्यावर डिझेल किंवा ऑइल पडत आहे आणि ती गळती आधी बंद केली पाहिजे.

आवाज थांबवण्यासाठी राळ, साबण किंवा डब्यातले चिकट द्रव्य लावण्याची पद्धत सोडून द्यावी. आवाज थोडा वेळ दबतो, खाचेत मळी साचते आणि मूळ दोष तसाच राहतो.

बदलताना

१) इंजिन बंद करून बॅटरीचा मुख्य स्विच काढावा आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावी. लुंगी, सैल बाह्या किंवा गळ्यातला रुमाल घेऊन चालू पुलीजवळ जाऊ नये.

२) अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो आत सरकवावा. स्क्रूड्रायव्हर किंवा पहारीने पट्टा पुलीवरून उपटून चढवू नये. त्यामुळे आतले दोरे तुटतात. बाहेरून पट्टा नवा दिसतो, पण तो लवकरच दगा देतो.

३) खाचा घासून गंज व मळी काढावी, कोरड्या कपड्याने पुसाव्यात. गंजलेली खाच कानशीप्रमाणे पट्टा खाते. इंजिनाला रंग देताना खाचेत रंग जाऊ देऊ नये.

४) पुलींच्या तोंडावरून सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरावा. पुलींच्या कडांची जाडी सारखी असेल तर तो दोन्ही पुलींच्या दोन्ही कडांना, म्हणजे चारही ठिकाणी टेकला पाहिजे. टेकत नसेल तर अल्टरनेटरखाली वॉशर घालून किंवा ब्रॅकेट सरळ करून रेषा साधावी.

५) ताण देताना पहार अल्टरनेटरच्या पुढच्या भक्कम भागाला लावावी, मागच्या पातळ झाकणाला नव्हे. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने नेटाने दाबले असता पट्टा १० ते १३ मि.मी. दबावा. सैल असेल तर घसरतो, फार कडक असेल तर पंपाची व अल्टरनेटरची बेअरिंग जाते आणि पंपाचे सील गळू लागते.

६) नवा पट्टा सुरुवातीला सैलावतो. अर्धा तास इंजिन चालवून, बंद करून ताण पुन्हा पाहावा आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर आणखी एकदा पाहावा.

समुद्रात तुटला तर

तापमानाचा काटा चढू लागला किंवा थंड करणारे पाणी बाहेर पडणे थांबले की लागलीच इंजिन बंद करावे. "बंदर जवळच आहे, रेटून नेऊ" हा विचार इंजिनाच्या किमतीचा ठरू शकतो. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये व त्यावर समुद्राचे थंड पाणी ओतू नये. नायलॉनची दोरी बांधून काम भागवता येईल या भरवशावर राहू नये. ती खाचेच्या बाजूंना धरत नाही आणि घासून वितळते.

म्हणून प्रत्येक मापाचा निदान एक पट्टा, लागणाऱ्या पान्यांसह, नौकेवरच असावा. क्रँकच्या पुढच्या टोकाला विंचेचा शाफ्ट जोडलेला असेल तर पट्टा चढवण्यासाठी जोडणी उघडावी लागते आणि डोलत्या नौकेत ते काम फार कठीण. अशा इंजिनावर बंदरातच एक जादा पट्टा शाफ्टभोवती ओवून, फिरत्या भागाला मुळीच लागणार नाही असा पक्का बांधून ठेवावा.

पावसाळी बंदीचा उपयोग

जून-जुलैच्या बंदीत नौका किनाऱ्यावर असते, तेव्हा हे काम निवांतपणे होते. नौका ओढल्यावर पट्टे काढून किंवा सैल करून ठेवावेत. दोन महिने दमट हवेत पुली गंजते आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच फेरीला पट्टा खाते, म्हणून समुद्रात उतरण्यापूर्वी खाचा साफ कराव्यात. पट्ट्याला चिरा किंवा चकाकी दिसली तर तो तुटेपर्यंत थांबू नये, हंगामाच्या सुरुवातीलाच बदलावा आणि त्यातल्या त्यात बरा असलेला जुना पट्टा अडीअडचणीसाठी ठेवावा. राखीव पट्टे डिझेल, बॅटरी व ऊन यांपासून दूर, मोठे वेटोळे करून पिशवीत ठेवावेत. बारीक खिळ्याला वर्षभर टांगू नयेत.

खरेदी करताना ठसा स्पष्ट आहे की नाही ते पाहावे आणि पावती घ्यावी. नागपूरच्या पिक्ससारख्या भारतीय कंपन्यांचे पट्टे सर्वत्र मिळतात, तेव्हा बिननावाचा स्वस्त पट्टा घेण्यात शहाणपण नाही. शेवटी, योग्य पट्ट्याचा क्रमांक आणि तो बदलल्याची तारीख इंजिनाजवळच्या फळीवर रंगाने लिहून ठेवावी. मिस्त्री बदलला, तांडेल बदलला, तरी फळीवरचा आकडा राहतो आणि रात्री टॉर्चच्या उजेडात तोच उपयोगी पडतो.