वजनकाट्यावरील संगणक गर्दीच्या वेळीच का अडत होता?



गेल्या गाळप हंगामात आपल्या वजनकाट्यावरील संगणक सायंकाळी वारंवार अडत असे. सकाळी तोच संगणक बिनतक्रार चाले. गाडीतळावर रांग लागली की पडदा गोठायचा आणि संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत गाड्या उभ्या राहायच्या. तोडलेला ऊस ताटकळला की वाळतो, वजन घटते, आणि ते नुकसान सभासदाचेच. "काट्यातच काही गोम आहे" असेही काहीजण बोलले. म्हणून झाला प्रकार सविस्तर सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम एक खुलासा. या बिघाडाचा वजनाशी संबंध नव्हता. काट्याखालील लोड सेलवर भार पडतो, त्याचा आकडा इंडिकेटरवर उमटतो आणि तेथून वेगळ्या वायरीने संगणकात येतो. संगणक गोठला तरी इंडिकेटरवरचा आकडा बदलत नाही. दोष निघाला तो नेटवर्क कार्डात.

नेटवर्क कार्ड म्हणजे एका संगणकाला दुसऱ्याशी जोडणारी लहानशी पट्टी. काट्यावरच्या नोंदी ऊस हिशोब खात्याकडे तीच पोचवते. उसाच्या मोळ्या बांधाव्यात तसे ती माहितीचे गठ्ठे बांधते. एक मोठा गठ्ठा सुमारे १५०० बाइटचा. एक गिगाबिट वेगाचे कार्ड पूर्ण भरात चालले तर असे ८० हजारांवर गठ्ठे एका सेकंदात जातात. गठ्ठे आले की कार्ड प्रोसेसरला हाक मारते आणि माहिती मेमरीत ठेवते. यात चूक झाली, माहिती भलत्याच जागी पडली, की सारा संगणक कोलमडतो. काम थोडे असले तर हा दोष झाकून राहतो. विहिरीवरची मोटर नुसती फिरवली तर ठीक वाटते, पाणी उचलायला लागली की बेअरिंग ओरडते. तसेच हे.

मग शोध कसा घेतला? पहिले काम, वेळा लिहून ठेवल्या. वजनाची नोंद अगदी लहान असते, तिचा भार होत नाही. पण सायंकाळी गाड्यांची छायाचित्रे आणि दिवसभराच्या नोंदींची प्रत एकाच वेळी कार्यालयात जात होती. संगणक अडायचा तो नेमका तेव्हा.

दुसरे, केबल तपासली. तांब्याची केबल १०० मीटरपेक्षा लांब असू नये. आपली त्याच्या आत होती. तरीही खात्रीसाठी काट्यावर कार्यालयातला दुसरा संगणक त्याच केबलला जोडला. तो हंगामभर चालला. केबल निर्दोष ठरली.

तिसरे, बिघडलेला संगणक कार्यालयात आणून मुद्दाम भार टाकला. आयपर्फ नावाचा प्रोग्राम डिस्कला हात न लावता फक्त नेटवर्कवर माहिती लोटतो. तो चालवताच संगणक गोठला. उलट मोठ्या फायली त्याच्याच डिस्कवर नकलून पाहिल्या, मेमरीची चाचणी रात्रभर चालवली. काही झाले नाही.

पुढे एका वेळी एकच बदल करायचा असा नेम ठेवला. दोन बदल एकदम केले तर गुण कशाचा ते कळत नाही. कार्ड चालवणारा ड्रायव्हर निर्मात्याकडचा ताजा घातला. वीज वाचवण्यासाठी कार्ड झोपवण्याची सोय बंद केली. वीज काढून, धूळ झाडून कार्ड दुसऱ्या खाचेत बसवले. प्रत्येक वेळी पुन्हा भार दिला, प्रत्येक वेळी गोठला. शेवटी दुसरे कार्ड घातले, तर रात्रभर भार देऊनही संगणक हलला नाही. जुने कार्ड मुद्दाम आणखी एका संगणकात घालून पाहिले, तर तोही गोठला. दोष कार्डाबरोबर गेला, म्हणजे दोषी कार्डच. संगणकातच राहिला असता तर पॉवर सप्लाय आणि मदरबोर्ड पाहावा लागला असता.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. हंगामापूर्वी काट्यावरील संगणक नुसता चालू करून पाहणे पुरेसे नाही. सायंकाळच्या गर्दीएवढा भार देऊनच तो पास करायचा. आणि नोंद आधी काट्यावरच्या डिस्कवर पक्की होऊन पावती छापली जाईल, मग कार्यालयात जाईल. छायाचित्रांची प्रत आता रात्री उशिरा जाते.

सभासदांनीही गाडीबरोबर आलेली वजनपावती जपून ठेवावी आणि बिलाशी ताडून पाहावी. फरक दिसल्यास पावती घेऊन शेती खात्यात यावे. काट्याविषयी शंका असेल तर ती गाडीतळावर बोलण्यापेक्षा आमच्यापाशी बोलावी. इंडिकेटर सर्वांना दिसेल असाच ठेवलेला आहे.